कोणाकडेच नाही, सहज

पाठीवर मोठी सॅक घेऊन नांदुऱ्याच्या स्टेशनाबाहेर पडलात की पाच-दहा मिनिटांत कोणीतरी विचारणारच, "कोनाकडं आले भाऊ?" यात संशय नसतो. तालुक्याच्या गावी माणूस येतो तो कोणाकडे तरी येतो. बहिणीकडे, सोयरिकीला, तहसिलीत, नाहीतर कापूस-सोयाबीन घेऊन बाजार समितीत. मी म्हणालो, "कोणाकडेच नाही, सहज." टपरीवरच्या काकांनी गाळणी तशीच अधांतरी धरून माझ्याकडे पाहिलं. "सहज? नांदुऱ्यात?" मग माझी कीव आली असावी. "शेगावले जायाचं असंल. गाडी चुकली काय?"

गाडी चुकली नव्हती. नऊ दिवस एसटी आणि रेल्वेने भटकत होतो आणि आदल्या दिवशी अजिंठ्यात सोळाव्या लेण्यात उभा असताना ध्यानात आलं, की मी चित्रं बघत नाहीये, पुढची लेणी किती उरली ते मोजतोय. दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी पणतीच्या उजेडात रंगवलेली भिंत समोर, आणि माझ्या डोक्यात परतीची बस. असं झालं की समजावं, आता एक दिवस रिकामा हवा. दुसरी खूण म्हणजे सोबत्याशी दहा रुपयांच्या पाण्याच्या बाटलीवरून भांडण. तिसरी, पायमोजे हुंगून बघावे लागणं. साधारण सहाव्या-सातव्या दिवशी या तिन्ही खुणा दिसायला लागतात. मी दोन दिवस जास्तच ताणलं होतं.

हा रिकामा दिवस कुठे काढायचा? बहुतेक जण मोठं शहर निवडतात आणि तिथेच चुकतात. छत्रपती संभाजीनगरात खाटेवर लोळत पडलात तरी मकबरा आणि पाणचक्की उशाशी येऊन बसतात. इतक्या लांब आलोय तर बघून येऊ, असं म्हणत चार वाजता रिक्षात बसताच. शेगावात दर्शनाची रांग बोलावते, आणि तिथे नुसतं बसून राहणं आपल्यालाच बरं वाटत नाही. रिकामा दिवस काढायला बघण्यासारखं फार काही नसलेलं, पण जेवण, खोली, न्हावी, चांभार, वाचनालय आणि पुढची गाडी हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असलेलं गाव लागतं. वऱ्हाडातली तालुक्याची गावं याला नामी. त्यातही नांदुऱ्याची आणखी एक सोय आहे. इथे बघण्यासारखं एकच मोठं काही आहे आणि ते अर्ध्या तासात होतं.

ते म्हणजे महामार्गालगतचा एकशेपाच फुटी हनुमान. सिमल्याच्या जाखू टेकडीवरचा एकशेआठ फुटी मारुती 2010 सालचा; नांदुऱ्याचा त्याच्याही आधीपासून उभा आहे. सकाळी आठच्या आत जा. चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि उन्हाळ्यात अकरानंतर फरशीवर अनवाणी उभं राहणं म्हणजे तव्यावर भाकरी होणं. मान वर करून बघा, नमस्कार करा, फोटो काढा, झालं. आता दिवसभर कुठलंच स्थळ तुमची वाट बघत नाही. (एकशेपाच या आकड्याचं या रस्त्याशी काहीतरी जमलेलं दिसतं. याच 53 क्रमांकाच्या महामार्गावर पुढे अमरावती ते अकोला 75 किलोमीटरचा डांबरी थर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच रस्त्याच्या कडेला बसून आपण काहीच करायचं नाही, याची मला दिवसभर गंमत वाटत होती.)

आता तिकिटाचं बघू, कारण रिकाम्या दिवसाचे पैसे बहुतेक वेळा तिकिटात वाया जातात.

मुंबईहून नागपूरकडे लांबचं तिकीट काढून निघाला असाल तर रेल्वेचा प्रवास खंडित करण्याचा नियम वापरा. पाचशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतराच्या तिकिटावर वाटेत उतरून दोन दिवसांपर्यंत थांबता येतं. अट इतकीच, की पहिला थांबा निघाल्यापासून पाचशे किलोमीटर झाल्यावरच घ्यायचा. मुंबईपासून मलकापूर पाचशेच्या किंचित अलीकडे पडतं आणि त्याच्या पुढचं नांदुरा सव्वापाचशेच्या आसपास, म्हणजे नियमात बसणाऱ्या पहिल्या बऱ्या गावांपैकी एक. उतरल्यावर स्टेशन मास्तरांकडून तिकिटावर शेरा मारून घ्यायला विसरू नका. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना ही सवलत नाही. आरक्षित तिकिटाचं मात्र काढतानाच खिडकीवर बोलून घ्या, कारण पुढच्या टप्प्याचं आरक्षण त्याच वेळी सांगावं लागतं.

एसटीने फिरत असाल आणि 'आवडेल तेथे प्रवास'चा पास काढणार असाल तर तो रिकाम्या दिवसानंतर सुरू करा. ही योजना 1988 पासूनची. पास चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा मिळतो आणि दिवस सलग मोजले जातात. तुम्ही खाटेवर पडलात म्हणून पास थांबत नाही. मी चार दिवसांच्या पासातला एक अख्खा दिवस असाच झोपून काढलेला आहे, तेव्हा हे अनुभवाचे बोल. महिलांना मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यांनी आधी पासाचा हिशेब करून बघावा. जवळच्या टप्प्यांसाठी पासापेक्षा अर्धं तिकीट बरं पडू शकतं.

आणि संध्याकाळी शेगाव किंवा अकोल्याला जायचं असेल तर जनरलचं तिकीट सकाळीच काढून ठेवू नका. दोनशे किलोमीटरच्या आतलं अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा तिकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करायचा असतो. घाई करणाऱ्याला इथे दोनदा पैसे मोजावे लागतात.

खोली घेताना तीन गोष्टी विचारा. भाडं चोवीस तासांचं की दुपारी बारापर्यंतचं? सकाळी नऊला आलेल्या माणसाला यात पूर्ण दिवसाचा फरक पडतो. दुसरं, वीज गेल्यावर पंखा चालतो का? एका लॉजवर, नाव कशाला सांगू, हे न विचारल्यामुळे भर दुपारी दोन तास ओला पंचा पोटावर टाकून छताकडे बघत होतो. तिसरा प्रश्न शहरी माणसाला सुचत नाही: पाणी नळाचं की बोअरचं?

पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. जमिनीखालचं पाणी खारट, त्यामुळे विहीर खणूनही शेताला उपयोग होईलच असं नाही. पूर्णेवरचा जिगावचा मोठा प्रकल्प याच तालुक्यातला, आणि त्याच्या पाण्याची वाट बघणारे लोक तुम्हाला टपरीवर भेटतील. पाठपिशवीवाल्यासाठी या सगळ्याचा अर्थ दोन ओळींचा आहे. अनोळखी हापशीचं पाणी पिऊ नका. आणि खाऱ्या पाण्यात कपडे धुवायला बसू नका. साबणाला फेस येत नाही, अर्धी वडी झिजते आणि सदरा वाळल्यावर पापडासारखा कडक होतो. नळाचं पाणी किती वाजता येतं ते व्यवस्थापकाला विचारा आणि त्या वेळेला बादली भरून ठेवा. उन्हाळ्यात गच्चीवर टाकलेली जीनसुद्धा जेवून येईपर्यंत वाळते. पावसाळ्यात धुवायच्या भानगडीत पडू नका, इस्त्रीवाल्याकडून जुन्याच कपड्यांवर कडक इस्त्री मारून घ्या, अंग सुकं राहतं.

एकट्या मुलींनी खोली अंधार पडायच्या आत घ्यावी, आणि महामार्गावरच्या ढाबेवजा लॉजपेक्षा गावात, जिथे कुटुंबं उतरतात तिथे. खोली आधी बघायला मागावी, कडी आतून लागते का ते स्वतः लावून पाहावं. कोणाला वाईट वाटत नाही.

वेळापत्रक करायचं नाही म्हटलं तरी ऊन स्वतःचं वेळापत्रक करतंच. एप्रिल-मेमध्ये या भागात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला सहज जातो. साडेदहाला आत यायचं, साडेचारला बाहेर पडायचं. याच बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात एक नामांकित भटक्या येऊन गेला, त्याचीही रीत हीच होती. यवतमाळच्या टिपेश्वरमधून 2019 च्या जूनमध्ये निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तो तरुण वाघ तेलंगणाच्या हद्दीत शिरला, परत आला, नांदेड-हिंगोली-वाशीमकडून शेतं, नाले आणि रस्ते ओलांडत नऊ महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटर चालला आणि ज्ञानगंगेत येऊन थांबला. दिवसा झुडपात दडून राहायचा, रात्री चालायचा. वाटेत त्याने किती दिवस नुसते झोपून काढले असतील, याचा हिशेब कॉलरने ठेवला असणारच.

उन्हाआधीच्या दोन-तीन तासांत दुरुस्त्या उरकून घ्या. खरं सांगायचं तर रिकाम्या दिवसाचा सगळ्यात चांगला तास मला इथे मिळाला. माझ्या सॅकचा डावा पट्टा जोडावर उसवला होता. बाजारात एका भिंतीच्या सावलीला, काळ्या छत्रीखाली एक चांभारकाका बसले होते. पुढ्यात लोखंडी तिवई, रापी, आरी, मेणाचा काळा गोळा आणि पत्र्याच्या डब्यात तऱ्हेतऱ्हेचे खिळे. त्यांनी पट्टा दोन बोटांत धरून ओढून पाहिला. "मशीनची शिवन हाय. एक टाका तुटला का सारी उसवते." मग सांगितलं, "बसा. घंटा लागंल." बसायला लाकडी खोका दिला. सॅक रिकामी करायला लावली, आणि मोजे, चार्जर, गोळ्यांची पाकिटं असा माझा सगळा संसार एका पोत्यावर मांडला गेला.

आधी त्यांनी जुना धागा उकलून काढला, सगळा. मग चामड्याचा बोटभर रुंद तुकडा रापीने कापला, कडा घासून पातळ केल्या, म्हणजे खांद्याला टोचणार नाहीत. दोरा मेणावरून तीनदा ओढला. आरीने भोक पाडायचं, दोऱ्याची दोन्ही टोकं समोरासमोरून त्याच भोकातून काढायची आणि दोन्ही हातांनी आवळायची. प्रत्येक टाक्याला तोच आवाज, सुर्र्र. असा टाका एकीकडे तुटला तरी दुसरा धागा धरून ठेवतो, हे त्यांनी न विचारता समजावलं. मधे एसटीचा ड्रायव्हर बूट टाकून गेला, एक शाळकरी मुलगी चपलेचा अंगठा लावून घ्यायला थांबली, तहसिलीतला कोणीतरी कागद बगलेत धरून पॉलिश करून गेला. प्रत्येकाने पोत्यावरच्या माझ्या संसाराकडे पाहिलं, आणि प्रत्येकाला काकांनीच सांगितलं, "मुंबईचे हायत. सहज आले." तासाभराने माझ्याकडे कोणी बघेना. गावात मुरायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही: काहीतरी मोडकं घेऊन जा आणि दुरुस्त होईपर्यंत शेजारी बसा. नंतर येतो म्हणून निघून जाऊ नका. आणि घासाघीस करू नका.

न्हाव्याकडे गेलात तर दाढीसोबत डोक्याची मालीश होतेच, नको असेल तर आधीच सांगा. दुपारी खोलीत जीव रमला नाही तर सार्वजनिक वाचनालय शोधा. महाराष्ट्रात 1967 चा ग्रंथालय कायदा आहे आणि शासनमान्य वाचनालयात वर्तमानपत्रं वाचायला वर्गणी लागत नाही. दारात चपला काढा, वहीवर नाव लिहा, पंख्याखालची जागा ज्येष्ठांसाठी सोडा. इथे मुंबई-पुण्याची पानं उलटून टाका आणि अकोल्याहून निघणाऱ्या 'देशोन्नती'त किंवा 'लोकमत'च्या अकोला आवृत्तीत आतलं जिल्ह्याचं पान वाचा. कापूस, तूर, सोयाबीनचे भाव, कुठल्या गावची यात्रा, कुठला पूल पाण्याखाली. जळगाव म्हटलं की इथे आधी जळगाव जामोद आठवतं, खानदेशातलं नाही. बसची पाटी वाचताना आणि तिकीट मागताना हे ध्यानात असू द्या, नाहीतर पूर्णा ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याला पोचाल.

जेवणाचं थोडक्यात. सकाळी पोहे किंवा आलूबोंडा, आणि चहा 'कट'च घ्या, दिवसातून पाचदा घ्यावा लागतो. दुपारी थाळीपेक्षा ज्वारीची भाकरी, ठेचा आणि जी रसभाजी असेल ती. पाटवडीचा रस्सा मिळाला तर दुसरं काही मागू नका. तर्री वरून वेगळी वाढतात तिथे नको म्हणायला लाजू नका. पुढचा दिवस प्रवासाचा आहे. हिवाळ्यात हिरव्या वांग्याचं भरीत, आणि नशिबात असेल तर कोणाच्या तरी शेतात रोडग्यांचं जेवण. पण त्यासाठी 'कोनाकडं तरी' यावं लागतं.

चारनंतर ऊन कलतं. आता पाय वळवळायला लागतात, आणि याच वेळी बेत शिजतात. शेगाव पंचवीस-तीस किलोमीटरवर, जाऊन येऊ. वाटेतल्या जलंबहून खामगावला जाणारा तेरा-एक किलोमीटरचा फाटा आहे, 1870 साली खास वऱ्हाडच्या कापसासाठी टाकलेला, तो बघू. दोन्ही मोहात पाडणारे बेत आहेत आणि दोन्ही उद्यासाठी. मीही शेगावच्या गाडीची वेळ विचारून आलो होतो, हे कबूल करतो.

त्याऐवजी दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा आणि फलाटाच्या अगदी टोकाच्या बाकावर बसा. ते तिकीट दोन तास चालतं, आणि दोन तास पुरतात. नागपूरपर्यंत हा मार्ग 1867 मध्ये पोचला, आता तो मुंबई-हावड्याचा मुख्य रस्ता आहे. बऱ्याच गाड्या इथे थांबत नाहीत. लांबून शिट्टी येते, बाकावरची माणसं बोलणं मधेच तोडतात, धूळ आणि कागद उडवत चोवीस डबे जातात, आणि शेवटचा डबा गेल्यावर तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू होतं. मालगाडी गेली की डबे मोजायचे. माझ्या शेजारचे आजोबा रोज यायचे म्हणे. नागपूरकडून येणारी गाडी किती उशिरा आहे हे ते मोबाइलवर बघत नव्हते, समोरच्या रुळावर सिग्नल कधी पडतो त्यावरून सांगत होते. एकदा चुकले. "आज इंजिन दुसरं दिसते," म्हणाले.

रात्री लवकर झोपा. सॅक भरायची ती सकाळी, कपडे गच्चीवरून आणल्यावर.

आणि खवा. नांदुऱ्याच्या खव्याचं नाव आसपास काढलं जातं, तेव्हा तो घ्यावासा वाटणारच. आदल्या संध्याकाळी घेऊ नका. खवा म्हणजे आटवलेलं दूध, या हवेत रात्रभर पिशवीत राहिला की आंबूस होतो. निघायच्या सकाळी ताजा घ्या. म्हशीच्या पाचेक लिटर दुधाला किलोभर पडतो, त्यामुळे भाव फारच स्वस्त वाटला तर थोडं थबका. चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळा: तूप सुटलं पाहिजे आणि वास दुधाचा आला पाहिजे. पेढ्यांसाठी हवा असेल तर घट्ट मागा, गुलाबजामसाठी मऊ. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम खवा भरू देऊ नका, घाम सुटतो. केळीचं पान नाहीतर जाड कागदात घ्या आणि पूर्ण निवल्यावर डब्यात ठेवा. पाव किलोच्या वर नको. घरी पोचायला तुम्हाला अजून चार-पाच दिवस असले तर तोही घेऊ नका. तिथेच उभ्याने पन्नास ग्रॅम खाऊन गाडी पकडा.